साउंड कार्डावर अ‍ॅम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन मोजताना: आधी ग्राउंड, मग आकडा

गणपती विसर्जन झालं की कोल्हापुरात दुरुस्तीच्या टेबलांवर अ‍ॅम्प्लिफायरांची रांग लागते. तक्रार बहुतेक एकच, "आवाज फाटतोय." फाटलेला आवाज कानाला लगेच कळतो. पण तो बायस (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) कमी पडल्यानं फाटतोय, पॉवर सप्लाय बसल्यानं फाटतोय की प्रोटेक्शन रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडल्यानं, हे कान सांगत नाहीत. लॅपटॉप, बऱ्यापैकी यूएसबी साउंड कार्ड आणि मूठभर रेझिस्टर एवढ्यावर ते शोधता येतं. ०.०१ टक्क्याच्या आसपासचं डिस्टॉर्शनही, म्हणजे मूळ सुरात मिसळलेली भेसळ, दिसतं. मात्र साउंड कार्डाचं लाइन इनपुट एक-दोन व्होल्टसाठी बनलेलं असतं, आणि ८ ओहमवर १०० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर २८ व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखराला ४० व्होल्ट असतात. स्पीकरची वायर थेट लाइन-इनमध्ये खोचली, की कार्ड गेलं.

व्होल्टेज कमी करणं सोपं आहे. कार्ड जाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा व्होल्टेज नसतं, ग्राउंड असतं. म्हणून सुरुवात तिथून.

ग्राउंड कुठं आहे?

स्पीकरचं काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड, हा समज फार महाग पडतो. कारमधले जवळजवळ सगळे अ‍ॅम्प, टीडीए७२९७ किंवा टीपीए३११६ वर बनलेले छोटे बोर्ड आणि ब्रिज मोडमध्ये लावलेले डॉल्बीचे मोठे अ‍ॅम्प या सगळ्यांत दोन्ही टर्मिनल चालू असतात. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. अशा अ‍ॅम्पच्या काळ्या टर्मिनलला साउंड कार्डाचं ग्राउंड जोडलं आणि अ‍ॅम्पचं इनपुटही त्याच कार्डातून आलेलं असलं, तर अर्धा ब्रिज सरळ शॉर्ट होतो. आयसी जाते, कधी यूएसबी पोर्टही घेऊन जाते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर. मल्टिमीटर ओहमवर ठेवून इनपुटच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि स्पीकरचं काळं टर्मिनल यांच्यात मोजा. एक ओहमच्या आत आलं तर ग्राउंड सामाईक आहे. दहाएक ओहम दिसले तर हम (मेन्सची घरघर) टाळायला आत मुद्दाम टाकलेला रेझिस्टर असू शकतो, उघडून बघा. ओपन किंवा शेकडो ओहम दिसले तर पुढची जोडणी करू नका. दोन्ही चॅनेल वेगवेगळे मोजा. सिंगल सप्लायचा ब्रिज अ‍ॅम्प असेल तर चालू केल्यावर दोन्ही टर्मिनलवर ग्राउंडच्या मानानं सप्लायच्या निम्मे, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ६ व्होल्ट डीसी मिळतात. पण प्लस-मायनस सप्लायच्या ब्रिजमध्ये दोन्हीकडे शून्यच दिसतं. म्हणून ओहमची चाचणी चुकवायची नाही. ब्रिजचा स्विच असलेल्या अ‍ॅम्पला स्टिरिओवर आणून एकेक चॅनेल मोजा.

दुसरा धोका मेन्सचा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंची चासी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका वायरला असते. तिला कार्ड जोडायचंच नाही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तर हातही लावायचा नाही. दोन पिनी अ‍ॅम्पची शंका असेल तर प्लग काढून ठेवूनच चासी आणि अर्थिंग यांच्यामध्ये क्रोकोडाइल क्लिपनं ४७ के (किलोओहम), २ वॅटचा रेझिस्टर लावा, त्याच्यावर मीटर एसी व्होल्टवर ठेवा, मग प्लग लावा आणि हात लांब. नुसत्या डिजिटल मीटरवर गळतीचे ९०-१०० व्होल्ट दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. रेझिस्टर लावल्यावर साधी गळती वीस व्होल्टच्या आत कोसळते. दोनशेच्या आसपास टिकून राहिली तर चासी खरोखर लाइव्ह आहे. प्लगची दिशा उलटी करून पुन्हा बघा.

लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. दोन पिनी चार्जर लावलेला असला की लॅपटॉपचं ग्राउंड मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतं. करंट नगण्य, पण आरसीएची मधली पिन आधी टेकली की तेवढा झटका इनपुटला पुरतो. डेस्कटॉपवर मोजताना हम आला म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे आहेत. ती पिन तोडू नका, लॅपटॉप मागून आणा.

डमी लोड

स्पीकरवर मोजायचं नाही, त्याच्या जागी रेझिस्टरचा डमी लोड लावायचा. ५० वॅटचा सलग सूर कानाला सोसत नाही, ट्वीटरला तर अजिबात नाही.

८२ ओहम, १० वॅटचे पांढरे सिमेंटचे दहा रेझिस्टर पॅरलल लावले की ८.२ ओहम, १०० वॅट होतात. प्रत्येकामध्ये बोटभर अंतर सोडा, जाड तांब्याच्या तारेवर टाका, खाली लाकडी फळी नको. सलग ५० वॅटच्या वर नेऊ नका. पूर्ण पॉवर दहा-पंधरा सेकंदच. अ‍ॅल्युमिनियम कवचाचे ५० किंवा १०० वॅटचे रेझिस्टर मिळाले तर काम जास्त सुटसुटीत. पण त्यांची पॉवर हीटसिंकवर आवळल्यावरची असते, मोकळ्या हवेत बरीच कमी भरते. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कुणाकडंही कातकामातून उरलेली सहा मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मागा, तिच्यावर पेस्ट लावून बसवा.

शेगडीची १००० वॅटची कॉइल तोडून लोड करायची जुनी युक्ती चालते. पूर्ण कॉइल सुमारे ५३ ओहमची, म्हणजे सातवा हिस्सा साडेसात ओहमला येतो. नायक्रोमला सोल्डर धरत नाही, म्हणून टोकं चिनी मातीच्या स्क्रू कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. सैल जोड स्वतःच डिस्टॉर्शन करतो. बल्ब मात्र लोड म्हणून लावू नका. थंड आणि तापलेल्या फिलामेंटच्या ओहममध्ये दसपटीहून जास्त फरक असतो. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर लोड जोडल्याशिवाय सिग्नल देऊच नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो जळतो.

विभाजकाचा डबा

व्होल्टेज कमी करणारा विभाजक बसवायला चहापावडरीचा पत्र्याचा डबा घ्या. प्लॅस्टिकच्या डब्यात हम शिरतो.

लोडच्या टोकावरून, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरून नव्हे, दोन वायरी डब्यात आणा. गरम, म्हणजे सिग्नलच्या, वायरीवर १० के, अर्धा वॅट, मेटल फिल्म. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला ४७० ओहम, तोही मेटल फिल्म. त्याच जागी, ग्राउंडकडं, ५.१ व्होल्टचे दोन झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाहू लागणारे डायोड) एकमेकांकडं तोंड करून सिरीजमध्ये. तिथून १ के मधून शील्डेड वायरनं कार्डात. डब्याचा पत्रा ग्राउंडला एकाच जागी जोडा. कार्डाचा इनपुट इम्पीडन्स १० के धरला तर व्होल्टेज सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर येतं. ८ ओहमवर ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट, ते कार्डाला ०.८ व्होल्ट दिसतात. १०० वॅटच्या अ‍ॅम्पला ४७० च्या जागी ३३० टाका, पुन्हा ०.८ वर याल.

कार्बन फिल्म का नको? व्होल्टेजप्रमाणं त्याचा ओहम किंचित बदलतो, म्हणजे तो स्वतःच डिस्टॉर्शन करतो. झेनर ५.१ चेच का? ३.३ चे झेनर एक व्होल्टच्या पुढं हळूहळू गळायला लागतात, आणि साधे १एन४१४८ तर अर्ध्या व्होल्टलाच वाहू लागतात. ती गळती तिसऱ्या हार्मोनिकच्या, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या, रूपात दिसते, आणि आपण बिचाऱ्या अ‍ॅम्पला दोष देतो. ४७० चा सोल्डर सुटला आणि १० के मधून पूर्ण ४० व्होल्ट आले, तरी झेनरमधून साडेतीन मिलिअँपच वाहतात आणि कार्डापुढं पावणेसहा व्होल्टच्या वर काही जात नाही.

१ वॅटला लोडवर २.८३ व्होल्टच असतात. ते पंचवीसनं भागले की कार्डाच्या स्वतःच्या खरखरीत (नॉइजमध्ये) बुडतात. म्हणून एक स्विच टाका, ४७० च्या जागी ४.७ के आणणारा. त्यावर भागाकार साडेचारच्या आसपास येतो, १ वॅटला ०.६४ व्होल्ट मिळतात. हा स्विच कमी पॉवरवर विसरला आणि व्हॉल्यूम चढवला तर झेनर आपलं काम करतात, पण पडद्यावर भयंकर डिस्टॉर्शन उभं राहतं. असं दिसलं की अ‍ॅम्प उघडण्याआधी स्विच बघा.

क्लास डी अ‍ॅम्पसाठी ४७० च्या पायांवरच १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा. स्विचिंगची शेकडो किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी कार्डात जाऊन खोटे सूर उभे करते. सिरॅमिक डिस्क नको, त्याची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणं हलते.

ब्रिज अ‍ॅम्प मोजायचाच असेल तर बॅलन्स्ड इनपुटाचं कार्ड घ्या आणि दोन्ही टर्मिनलांवर एकेक सारखा विभाजक लावा. दोन्हींचं ग्राउंड अ‍ॅम्पच्या इनपुट ग्राउंडला, दोन्हींची बाहेर येणारी टोकं कार्डाच्या प्लस आणि मायनसला. सिंगल सप्लायवर मधले सहा व्होल्ट डीसी विभाजकातून पाव व्होल्टभर होतात, ते कार्डाच्या कपॅसिटरवर अडतात.

कार्ड आणि सॉफ्टवेअर

लॅपटॉपचं एकुलतं एक हेडफोनचं भोक चालणार नाही. त्यातला माइक मोनो असतो आणि त्याच्यावर दोनएक व्होल्ट डीसीही असतात. अंगठ्याएवढ्या स्वस्त यूएसबी काडीचीही तीच गत. खरं लाइन इनपुट असलेलं स्टिरिओ कार्ड हवं, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ.

रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विंडोजमध्ये आधी सिस्टिमचे आवाज बंद करा. "टिंग" वाजलं की अ‍ॅम्प पूर्ण ताकदीनं लोडवर आदळतो. रेकॉर्डिंगच्या खाली एन्हान्समेंट बंद, माइक बूस्ट शून्य, "लिसन टू धिस डिव्हाइस" ची खूण काढलेली. प्ले आणि रेकॉर्ड दोन्हींचा सॅम्पल रेट एकच.

आरटीए खिडकीत, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सींत वेगळा करणारं गणित) ६५५३६, विंडो ब्लॅकमन-हॅरिस ७, आठ ते सोळा सरासऱ्या. जनरेटरमध्ये फ्रिक्वेन्सी एफएफटीला लॉक करण्याची खूण करा. फ्रिक्वेन्सी १००० नको, १०१० घ्या. आपली मेन्स ५० हर्ट्झची, १००० ही तिचीच पट. रेक्टिफायरची चरचर २००० आणि ३००० वर येऊन तुमच्या हार्मोनिकमध्ये मिसळते. १०१० चे हार्मोनिक २०२०, ३०३०, ४०४० वर पडतात आणि वेगळे वाचता येतात. ४८ किलोहर्ट्झवर एफएफटीच्या एका घराची रुंदी ०.७३ हर्ट्झ, त्यामुळं लॉक केल्यावर सॉफ्टवेअर १०१०.०१ दाखवेल. ते बरोबर आहे.

आता अ‍ॅम्प न जोडता कार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटात द्या. लेव्हल पूर्ण मापाच्या ३ ते १० डीबी खाली फिरवत राहा, जिथं डिस्टॉर्शन सगळ्यात कमी दिसेल ती जागा लिहून ठेवा. नंतरची सगळी मोजमापं इनपुट त्या लेव्हलला आणूनच. समजा इथं ०.००४ टक्के आले, तर अ‍ॅम्पचे ०.०१ च्या खालचे आकडे गंभीरपणे घेऊ नका. कार्डाचे आणि अ‍ॅम्पचे हार्मोनिक फेजप्रमाणं एकमेकांत मिळतात तसे एकमेकांना खातातही, म्हणून अ‍ॅम्प कधी कार्डापेक्षाही स्वच्छ दिसतो. त्यावर खूश होऊ नये.

मोजायला घ्या

दुरुस्त केलेला अ‍ॅम्प पहिल्यांदा सिरीज बल्बवरच, म्हणजे मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये बल्ब लावूनच, चालू करा. लोड आणि कार्ड न जोडता आउटपुटचं डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढं. एकदा खात्री झाली की सिरीज बल्ब काढा. तो ठेवून पॉवर मोजली तर बल्बच व्होल्टेज खातो आणि धडधाकट अ‍ॅम्प निम्म्यावर क्लिप होतो, म्हणजे लहरीची शिखरं कापतो.

जोडताना आधी ग्राउंडची क्लिप, मग सिग्नलची. जनरेटर -४० डीबीवर.

व्होल्टेज जुळवणीसाठी सूर १०० हर्ट्झचा ठेवा, कारण साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या पुढं खोटं बोलायला लागतात. लोडवर २.८३ व्होल्ट येईपर्यंत वाढवा, तीच लेव्हल सॉफ्टवेअरला सांगा, मग १०१० वर या. ८ ओहमला १० वॅट म्हणजे ८.९४ व्होल्ट, २५ ला १४.१, ५० ला २०, १०० ला २८.३. लोड ८.२ चा असेल तर आकडे किंचित सरकतील, ते गणितात धरा. एक-एक डीबीनं चढवत डिस्टॉर्शन लिहीत चला. १ टक्का झालं की थांबा, ती क्लिपिंगची पॉवर समजायची. सोबत मेन्सचं व्होल्टेजही लिहा. सप्लाय रेग्युलेटेड नसला तर २३० चे २१० झाल्यावर पॉवर सुमारे १७ टक्क्यांनी घटते, आणि संध्याकाळी मोजलेला अ‍ॅम्प सकाळच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येते.

क्लास बी अ‍ॅम्पचे ट्रान्झिस्टर पूर्ण पॉवरवर नाही, साधारण ४० टक्के पॉवरवर सगळ्यात जास्त तापतात. हीटसिंकवर लक्ष तिथं ठेवा.

पडद्यावर काय दिसतं

डीबीचा हिशेब तोंडपाठ असू द्या: मुख्य सुरापेक्षा ४० डीबी खाली म्हणजे १ टक्का, ६० खाली ०.१, ८० खाली ०.०१.

क्लिपिंगमध्ये विषम हार्मोनिक, म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा, अचानक उभे राहतात, तेही शेवटच्या एक-दोन डीबीत. हे नैसर्गिक आहे. पण तेच विषम हार्मोनिक १ वॅटला दिसत असतील, अकरावा-तेरावाही सहज ओळखू येत असेल आणि पॉवर वाढवल्यावर टक्केवारी कमी होत असेल, तर तो क्रॉसओव्हर आहे, म्हणजे बायस कमी पडल्यानं लहर एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडं जाताना होणारं डिस्टॉर्शन. २एन३०५५ च्या जोडीवर बनलेल्या जुन्या अ‍ॅम्पांत बायसचा प्रीसेट गंजलेला असतो. १ वॅटवर आरटीए चालू ठेवा, सिग्नल थांबवून आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधल्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट बघा, प्रीसेट केसभर फिरवा, पुन्हा सिग्नल द्या. सातवा आणि नववा झपकन खाली बसताना दिसतात. ते १० ते २५ मिलिव्होल्टच्या दरम्यान कुठंतरी बसतात, त्याच्या पुढं बायस चढवला की फक्त हीटसिंक तापतं. हे काम सिरीज बल्ब लावून करा, कारण प्रीसेटचा कॉन्टॅक्ट मध्येच सुटला की बऱ्याच सर्किटांत बायस एकदम कळसाला जातो. वीस मिनिटं तापू द्या आणि पुन्हा बघा.

नुसता दुसरा हार्मोनिक उंच असेल तर सर्किटाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. बहुतेक वेळा आवाजाला त्याचा त्रास होत नाही.

५०, १००, १५० हर्ट्झवरचे खांब हे डिस्टॉर्शन नव्हे, हम आहे. टीएचडी+एन (हार्मोनिक अधिक नॉइज) मध्ये तो मोजला जातो, टीएचडी (फक्त हार्मोनिक) मध्ये नाही. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली तर आधी जोडणी तपासा. लॅपटॉपला कुणी चार्जर तर लावला नाही ना? मात्र मुख्य सुराच्या दोन्ही बाजूंना, ९१० आणि १११० वर, जोडीनं खांब उगवले आणि पॉवरबरोबर वाढले, तर सप्लायची १०० हर्ट्झची लहर सुरात मिसळते आहे. मोठे कपॅसिटर सुकलेत.

कुठल्याही पॉवरला अस्थिर, थरथरणारे हार्मोनिक दिसतात तेव्हा आधी कॉन्टॅक्ट संशयित धरा. इथल्या पावसाळ्यात आरसीए सॉकेट आणि स्पीकर रिले काळे पडतात. विभाजकाची क्लिप रिलेच्या आधी लावून मोजा, मग नंतर. फरक पडला की रिले बदला. घासून चार महिने चालतो, मग पुन्हा तेच.

उंच फ्रिक्वेन्सीला ४८ किलोहर्ट्झचं कार्ड अपुरं पडतं. १० किलोहर्ट्झचा दुसरा हार्मोनिकच २० वर येतो, तिसरा दिसतच नाही. तिथं १९ आणि २० किलोहर्ट्झ एकदम द्या आणि १ किलोहर्ट्झवर काय उगवतं ते बघा, शिवाय १८ आणि २१ वर. दोन सुरांची शिखरं एकत्र आल्यावर व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणून प्रत्येक सूर ६ डीबी खाली ठेवा. आणि २० किलोहर्ट्झवर फार वेळ रेंगाळू नका. आउटपुटच्या झोबेलमधला (आउटपुटवरून ग्राउंडला लावलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीतला) १० ओहमचा रेझिस्टर तिथं भाजून निघतो. कुबट वास आला तर तोच.

तुलनेला एक आकडा लक्षात ठेवा: एलएम३८८६ च्या डेटाशीटमध्ये ४ ओहमवर ६० वॅटला, संपूर्ण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पट्ट्यात, ०.०३ टक्के दिले आहेत. तोच आयसी तुमच्या बोर्डावर १ किलोहर्ट्झला ०.३ दाखवत असेल तर दोष आयसीचा नसतो, ग्राउंडच्या वाटेचा असतो. स्पीकरचा परतीचा करंट इनपुटच्या ग्राउंड पट्टीवरून वाहतो का ते बघा, स्पीकरचं मायनस सरळ सप्लाय कपॅसिटरच्या मध्यावर न्या.

काम संपल्यावर आधी जनरेटर बंद, मग अ‍ॅम्प. सप्लायचे कपॅसिटर रिकामे व्हायला मिनिटभर द्या, मीटरनं खात्री करा, मग सिग्नलची क्लिप काढा. ग्राउंडची क्लिप सगळ्यात शेवटी. आणि डब्याच्या झाकणावर स्विचच्या दोन्ही बाजूंचे भागाकार पक्क्या शाईनं लिहून ठेवा, पुढच्या गणपतीपर्यंत ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.